ब्लड बँकेत नवीन लागलात? पेशंटच्या स्वतःच्या लाल पेशी वेगळ्या काढायच्या कशा

डीएमएलटी किंवा बीएस्सी करून ब्लड बँकेत लागलं की आधी कंपोनंट सेक्शनलाच, म्हणजे रक्ताचे घटक वेगळे करतात तिथेच, टाकतात, आणि ते बरोबरच आहे. बॅगा तोला, समोरासमोरचे बकेट बॅलन्स करा, कूलिंग सेंट्रीफ्यूज लावा, एक्सप्रेसरवर बॅग दाबून प्लाझ्मा काढा, खाली राहिलेल्या लाल पेशींत सॅगएम, म्हणजे त्यांना टिकवणारं द्रावण, सोडा, झालं, २ ते ६ डिग्रीला ४२ दिवस. हात बसला की हे जमतं. खरी पंचाईत वेगळीच असते, एकाच पेशंटच्या सॅम्पलमध्ये त्याच्या पेशी कुठल्या आणि डोनरच्या कुठल्या हे शोधायचं असतं तेव्हा.

असं कधी होतं, तर पेशंटला दुसरीकडे रक्त चढवलेलं असतं, आपल्याकडे येतो तोवर अँटीबॉडी स्क्रीन पॉझिटिव्ह, म्हणजे परक्या लाल पेशींविरुद्ध अँटीबॉडी सापडलेल्या, आणि आता त्याचे स्वतःचे आरएच, केल, किड, डफी अँटिजेन, म्हणजे लाल पेशींवरच्या खुणा, काय आहेत ते हवं. टायपिंग, म्हणजे हे अँटिजेन ओळखायची टेस्ट, लावलं की मिक्स्ड फील्ड, म्हणजे थोड्या पेशी गुठळी धरतात आणि बाकीच्या मोकळ्याच फिरतात. असं दिसलं की पहिला प्रश्न, शेवटचं रक्त कधी चढवलं? केसपेपरवर नसेल तर वॉर्डात फोन करा, सिस्टर वैतागल्या तरी विचारा.

आयडिया साधी आहे. बोनमॅरोतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशी, म्हणजे रेटिक, जुन्यांपेक्षा हलक्या असतात, स्पिन केल्यावर वर येतात. डोनरचे रेटिक काही दिवसांत म्हातारे होतात आणि त्याच्या नव्या पेशी काही पेशंटच्या अंगात तयार होत नाहीत. म्हणून रक्त चढवून निदान ३ दिवस झालेले असले तर बरं. सॅम्पल ईडीटीएचं (रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमधलं) आणि २४ तासांच्या आतलं, कारण ठेवून दिलं की पेशी जड होत जातात आणि सगळा फरकच पुसला जातो.

पेशी सलाईनने वॉश करायच्या, शेवटच्या वॉशला जास्त वेळ स्पिन, वरचं सलाईन जमेल तेवढं काढायचं पण बफी कोट, म्हणजे लाल पेशींवरचा पांढऱ्या पेशींचा थर, हलवायचा नाही. मग नीट मिक्स करून साध्या, हेपरिन नसलेल्या, दहाएक हिमॅटोक्रिट कॅपिलरी (बारीक काचनळ्या) ६० मिमीपर्यंत भरायच्या, आणि भरताना पेशी सारख्या हलवत राहायचं, नाहीतर पहिली आणि दहावी कॅपिलरी सारखी भरत नाही. टोक सील करून मायक्रोहिमॅटोक्रिट सेंट्रीफ्यूजमध्ये १५ मिनिटं. मग लाल कॉलमच्या वरच्या टोकापासून ५ मिमी खाली कापायचं. इथे नवीन पोरं लोभ करतात, सेल कमी मिळतील म्हणून सेंटीमीटरभर घेतात आणि डोनरच्या पेशी परत आत. काच आहे, कानशीने ओरखडा काढून मगच मोडा, ग्लोव्हज हवेतच. वरचे तुकडे टेस्टट्यूबमध्ये सलाईनमध्ये टाकून हलवले की पेशी सुटतात, काच बाजूला काढा, ३ वॉश द्या आणि टायपिंग लावा. शेजारी न वेगळं केलेलं सॅम्पलही लावाच. तिथे मिक्स्ड फील्ड आणि इथे स्वच्छ रिझल्ट आला तरच सेपरेशन झालं म्हणायचं.

हे सगळ्यांना चालत नाही. नियमित रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांची मॅरो दबलेली असते, वर यायला रेटिकच नसतात, म्हणून त्यांचं टायपिंग पहिल्या बॅगेच्या आधी करून ठेवावं हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. ते राहिलं असेल तर जीनोटायपिंग, म्हणजे डीएनएवरून अँटिजेन ओळखणं. सिकल सेलच्या आजाराच्या पेशी जड असतात, तिथेही ही पद्धत फसते, पण त्यांचा इलाज आणखी सोपा आहे, विदर्भात किंवा नंदुरबारकडे लागलात तर उपयोगी पडेल. ०.३ टक्के सलाईनने वॉश द्यायचे. डोनरच्या नॉर्मल पेशी फुटतात, एसएस (दोन्ही जीन सिकलचे) पेशी टिकतात. वरचं पाणी लाल यायचं थांबेपर्यंत वॉश, मग ०.९ टक्केचे दोन. फक्त एसएसलाच हां, एएस (एकच जीन सिकलचा, म्हणजे वाहक) असेल तर त्यात वेळ घालवू नका.

डीएटी पॉझिटिव्ह असेल, म्हणजे पेशंटच्या पेशींवर आधीच अँटीबॉडी चिकटलेल्या असतील, तर कूम्ब्सवर (चिकटलेल्या अँटीबॉडी पकडणाऱ्या सीरमवर) होणारं टायपिंग फसवं पॉझिटिव्ह येतं, आधी क्लोरोक्विनने पेशींवरच्या अँटीबॉडी उतरवा. त्यासाठी ग्लायसिन-ईडीटीए वापरलंत तर केलचं टायपिंग त्या पेशींवर करू नका, तो अँटिजेनच नष्ट होतो. आणि रजिस्टरमध्ये कुठली पद्धत वापरली आणि शेवटचं ट्रान्सफ्युजन कधीचं हे लिहा, रात्रपाळीवाल्याला तेच लागतं.