क्यूजीआयएस शिकवू नका, लपवा

ग्रामसभेच्या पोरांसमोर क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) उघडलं की आधी दिसतात ती बटणंच बटणं, आणि माणूस तिथेच लॅपटॉपपासून मागे सरकतो. बरं, त्यांना टाकायचं असतं काय, तर मोहाची झाडं, पाणवठे, वणवा लागलेली जागा, बस. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो 1800 हेक्टरच्या आसपास, एवढं जंगल एकटा जीआयएसवाला थोडीच फिरणार, रोज जंगलात जाणाऱ्यांनाच जमलं पाहिजे.

तर पहिलं काम, सेटिंग्जमध्ये यूजर प्रोफाइल्समधून नवीन प्रोफाइल बनवा, नाव 'जंगल'. मग सेटिंग्जमध्येच इंटरफेस कस्टमायझेशन चालू करून नको त्या टूलबार-पॅनलच्या टिका काढा आणि प्रोग्राम बंद करून परत उघडा. मी झूम, माहिती बघायचं बटण, एडिटची पेन्सिल, पॉइंट आणि सेव्ह एवढंच ठेवते. काही डिलीट होत नाही, जुनं प्रोफाइल तसंच राहतं.

मग जिओपॅकेजमध्ये (नकाशाचा डेटा ठेवायची फाइल) पॉइंटची एक लेयर, म्हणजे ठिपक्यांचा एक थर, सीआरएस (जागा मोजायची पद्धत) ईपीएसजी 4326, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश.

खरी मेहनत फॉर्मवर घ्या, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची माहिती भरायच्या रकान्यांवर. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅट्रिब्यूट्स फॉर्म, तिथं झाडाच्या नावाला व्हॅल्यू मॅप लावा म्हणजे टाइप न करता यादीतून निवडता येतं, नाहीतर कोणी मोह लिहितं, कोणी मोहा, कोणी महू, आणि मोजताना तीन वेगळी झाडं होतात! यादी गावातल्या बायकांसोबत बसून करा, नावं त्यांच्या तोंडची, शास्त्रीय नाव तुमच्याकडे मागच्या कॉलममध्ये राहू द्या. तारखेला डिफॉल्ट now() म्हणजे ती आपोआप पडते, फोटोला अटॅचमेंट.

आता क्यूफील्डसिंक प्लगइनने प्रोजेक्ट पॅकेज करून मोबाइलवरच्या क्यूफील्डमध्ये टाका, हे जंगलात फिरत माहिती भरायचं अ‍ॅप. जीपीएसला रेंज लागत नाही पण ऑनलाइन सॅटेलाइट नकाशाला लागते, तो आधीच ऑफलाइन करून घ्या नाहीतर जंगलात पांढरी स्क्रीन. दाट झाडीत जीपीएस भरकटतं, म्हणून स्क्रीनवरचा अ‍ॅक्युरसीचा आकडा (किती मीटरची चूक असू शकते तो) खाली येईपर्यंत जागेवर उभं राहायचं, घाई करायची नाही.

आणि कोणी वहीतले जुने आकडे एक्सेलमधून आणले तर एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश. मी एकदा उलटं केलं होतं, आमच्या अक्षांश 20 आणि रेखांश 80 ची अदलाबदल, तर आमचे सगळे पाणवठे थेट नॉर्वेच्या वर स्वालबार्डच्या बर्फात!