लेकराला गिळताना ठसका लागतो? भरवण्याची पद्धत अशी बदला

"काहीच खात नाही हो," अशी तक्रार घेऊन आई येते, तेव्हा स्पीच थेरपिस्टचा पहिला प्रश्न असतो: एक जेवण किती वेळ चालतं? अर्ध्या तासाच्या पुढे रोजच जात असेल, तर तो निव्वळ हट्ट नसण्याची शक्यता बरीच. अपुऱ्या दिवसांची बाळं, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा फाटलेली टाळू असलेली मुलं यांना घास तोंडात फिरवणं आणि श्वास सांभाळून गिळणं खरोखरच जड जातं. अशा लेकरावर रागावून उपयोग नाही.

आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा

काय दिलं, कसं दिलं आणि ठसका नेमका कशाला लागला, ते वहीत लिहा. पाण्याला की भाताला? पहिल्या घासाला की थकल्यावर शेवटी? जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का, डोळ्यांत पाणी येतं का, हेही टिपा. एका जेवणाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात परक्या माणसासमोर मूल घरच्यासारखं खात नाही, त्यामुळे हा व्हिडिओ फार कामाचा.

खाताना ओठ निळे पडणं, वारंवार न्यूमोनिया होणं किंवा वजन न वाढणं यातलं काही असेल तर वहीबिही राहू द्या, लगेच डॉक्टर गाठा. आणखी एक: काही मुलांना ठसका लागतच नाही आणि अन्न गुपचूप श्वासनलिकेत उतरतं. म्हणून "खोकत नाही, म्हणजे ठीक आहे" असं धरून चालू नका.

कोणाकडे जायचं

आधी बालरोगतज्ज्ञ. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स या सरकारी रुग्णालयांतली बालरोग ओपीडी आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या पथकाला विचारा. मग स्पीच थेरपिस्ट. मात्र तिथे सरळ विचारा, "मुलांच्या गिळण्याचं काम तुम्ही करता का?" बोलणं आणि गिळणं दोन्ही त्यांच्या शिक्षणात असतं, पण सराव सगळ्यांचा सारखा नसतो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही बघून घ्या. गरज वाटली तर बेरियम मिसळलेला घास देऊन तो कुठून कुठे जातो हे एक्स-रेच्या व्हिडिओवर पाहतात.

बसवणं

निम्मं काम इथेच होतं. जुनी रीत अशी: पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर आडवं घ्यायचं आणि बोंडल्याने घशात ओतायचं. तोंड उघडलं नाही तर नाक दाबायचं. ही रीत आधी बंद करा. आडव्या बाळाच्या घशात पातळ पदार्थ आपोआप मागे वाहतो, गिळायची तयारी व्हायला त्याला वेळच मिळत नाही.

बसू शकणाऱ्या मुलाची पाठ टेकलेली हवी, कंबर आणि गुडघे काटकोनात. पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. धड कलत असेल तर दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा. मान मागे पडू देऊ नका, हनुवटी किंचित खाली. तुम्ही उभं राहून भरवलंत तर ते वर बघणारच, म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर बसा. जेवल्यावर अर्धा तास निजवू नका. मान न धरणाऱ्या बाळाला कसं घ्यायचं, ते मात्र थेरपिस्टकडूनच शिका.

चमचा

लहान, उथळ आणि अर्धाच भरलेला. समोरून, हनुवटीच्या पातळीवरून आणा, जिभेच्या मध्यावर हलकेच टेकवा आणि थांबा. ओठ त्याला मिटू द्या. वरच्या हिरडीवर घास खरवडून टाकू नका. गळा वर-खाली हलला, तोंड रिकामं दिसलं, की मगच पुढचा. तोंड फिरवलं तर जेवण संपलं. आजीला हे पटायला वेळ लागेल.

पदार्थ

पातळ वरणातला सुटा भात आपल्याला सगळ्यांत सोपा वाटतो, पण या मुलांना तोच छळतो. पाणी आधी पळतं, शितं मागे राहतात. तर्री ओतलेले पोहे तसेच, आणि संत्र्याची फोडही: साल चावायची की फुटलेला रस गिळायचा? त्यापेक्षा घोटलेला एकजीव वरणभात किंवा गुठळी नसलेली दाट आंबील बरी.

थेरपिस्टने द्रवाच्या दाटपणाची पातळी (आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरची) ठरवून दिली असेल तर ती घरी सिरिंजने तपासता येते. दट्ट्या काढलेली 10 मिलीची सिरिंज घ्या, मात्र तिची शून्य ते 10 ची पट्टी 61.5 मिलिमीटर हवी. खाली बोट लावून 10 पर्यंत भरा, बोट काढा, 10 सेकंदांनी पुन्हा लावा. आत 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखं पातळ. 1 ते 4 उरलं तर पहिली पातळी, 4 ते 8 दुसरी, त्याहून जास्त तिसरी. काहीच वाहिलं नाही तर चौथी. बाजारातली दाट करायची पावडर स्वतःच्या मनाने वापरू नका, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर नाहीच.

मे महिन्यात पारा 45 वर गेला की पाण्याची काळजी वेगळीच. पाण्याला ठसका लागणाऱ्या मुलाला पाणी कसं आणि किती द्यायचं, हे एप्रिलमध्येच विचारून ठेवा. लघवी कमी, पिवळी झाली तर थांबू नका.

तोंडाचा व्यायाम म्हणून शिट्ट्या, फुगे, फुंकरीचे खेळ यांवर माझा फारसा भर नाही. गिळणं सुधारतं ते बहुतेक सुरक्षितपणे गिळूनच.

घास अडकलाच तर

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर लहान बाळाला पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या मध्ये 5 थापा मारा. मोठ्या मुलाला पुढे वाकवा. तरीही निघालं नाही तर वर्षाच्या आतल्या बाळाची छाती 5 वेळा दाबा, मोठ्याचं पोट बेंबीच्या वर आत-वर दाबा. हे आलटून पालटून चालू ठेवा, कोणाला तरी 108 लावायला सांगा. न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट घालू नका.

थेरपीला जाताना घरचं वरण डब्यात, घरचाच चमचा, आणि दुपारी आजी भरवत असेल तर आजीलाही सोबत न्या.