कॉलेजातलं झाड वाचवायचंय? आधी टेप घ्या

आवारातल्या झाडावर महापालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली की घोषणा नंतर, आधी तारीख बघा. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५च्या वृक्ष जतन कायद्यानुसार आपल्याला हरकत घेता येते, पण दिवस साधारण सातच मिळतात. नोटिशीचा फोटो त्याच दिवशी काढा.

मग मोजणी. बॉटनीच्या मॅडमना सोबत न्या, त्या जात अचूक सांगतात. छातीच्या उंचीवर बुंध्याला टेप गुंडाळून घेर लिहून घ्या. वर घरटं आहे का, ढोली आहे का, तेही नोंदवा. आता वय. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं. कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकांचे गठ्ठे ग्रंथालयात मागा. १९७०च्या आसपासच्या ग्रुप फोटोत मागे तेच झाड उभं असेल, तर त्याची झेरॉक्स हरकतीला जोडा.

हरकत उद्यान विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शंभर सह्यांच्या एका अर्जापेक्षा वीस जणांचे स्वतंत्र अर्ज मला जास्त मोलाचे वाटतात.

माहिती अधिकाराचा अर्जही टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हरकत त्यावर अडवून ठेवू नका.

दरम्यान प्राचार्यांना भेटून बांधकामाचा नकाशा मागा. पार्किंगची एक रांग सरकवून झाड वाचत असेल, तर तसा कच्चा नकाशा तुम्हीच काढून न्या.