अमेरिकेत मुलांसाठीचं टॅक्स क्रेडिट: आधी मुलाचा नंबर पाहा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आई-बाबांनो, रिटर्न भरण्याआधी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर आहे ना, ते पाहा. २०२५ च्या रिटर्नमध्ये १७ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतं. ही रक्कम उत्पन्नातून नाही, थेट करातूनच वजा होते. कर कमी बसला, तर पात्र कुटुंबाला मुलामागे १,७०० डॉलरपर्यंत परतही मिळू शकतात.

आपल्या भारतीय कुटुंबांत गोंधळ होतो तो इथे. भारतात जन्मलेल्या, एच-४ व्हिसावरच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबासाठीचा व्हिसा) मुलाकडे बहुधा आयटिन असतो, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांना फक्त करासाठी दिलेला नंबर. त्यावर हे क्रेडिट मिळत नाही. मूल अमेरिकेत राहत असेल तर ५०० डॉलरपर्यंतचं दुसरं क्रेडिट मात्र मिळू शकतं, ते सोडू नका. ग्रीन कार्ड आलं की लगेच मुलाच्या सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करा, कारण तो रिटर्नच्या मुदतीआधी मिळालेला असावा लागतो.

डे-केअरच्या खर्चाचं क्रेडिट वेगळं. त्यासाठी साधारणपणे दोघांचीही कमाई हवी, मूल १३ वर्षांखालचं हवं. डे-केअरचा टॅक्स नंबर आजच मागून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये त्यासाठी फार धावपळ होते.