सही कुणाची, कागद कुणाचे

आमच्या फोंड्यात पेशंटबरोबर चार माणसं येतात आणि कन्सेंट फॉर्मवर सही करतो थोरला मुलगा. आई खाटेवर बसून पेज पीत असते, चांगली शुद्धीत! वॉर्डात सिस्टर होते तेव्हाही मी हेच बोलायची, अजून बोलते: 18 पूर्ण झालेल्या, समजउमज शाबूत असलेल्या माणसाची संमती त्याचीच. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे साफ सांगितलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी आईला विचारून काढली होती. जीव धोक्यात नव्हता, म्हणून आईची संमती चालली नाही.

मूल अज्ञान, म्हणजे 18 च्या आतलं, असेल तर आईवडील किंवा पालक सही करतात. बेशुद्ध पेशंटचा जीवच जात असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, थांबूही नये. अपघाताची केस असली तरी आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार मागाहून.

फॉर्म हातात आला की विचारा: नेमकं काय करणार, धोका काय, नाही केलं तर काय होईल, दुसरा उपाय आहे का. मराठीत नाहीतर कोंकणीत सांगायला लावा. ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी असेल तर पेन खाली ठेवा.

आता कागद. डिस्चार्ज कार्ड म्हणजे सगळी फाईल नव्हे. ऑपरेशनच्या नोंदी, औषधांचा तक्ता हवा असेल तर अर्ज करा. डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी 72 तासांत प्रती द्यायच्या असतात. अर्जात पेशंटचं नाव, भरती क्रमांक, तारखा, कोणते कागद हवेत ते लिहा. मुलगा आणायला जाणार असेल तर पेशंटच्या सहीचं अधिकारपत्र जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी मागितलेलं कुणाला आठवत नाही. आणि उशीर नको, भरती पेशंटची फाईल तीनच वर्षं जपायची सक्ती आहे.

आपल्या बाजूनेही काही देणं लागतं. रक्त पातळ करायची गोळी, वैद्याचा काढा, दारू, सगळं खरं सांगा. बायको बाजूला उभी असली की दारूचं उत्तर हमखास बदलतं, तेव्हा तिला जरा बाहेर पाठवा. डॉक्टर-नर्सवर हात उगारलात तर गोव्यात 2013 पासून वेगळा कायदा आहे. तक्रार लेखी द्या: डॉक्टरच्या वागणुकीची गोवा मेडिकल कौन्सिलकडे, खाजगी इस्पितळाच्या बिलाची किंवा हलगर्जीपणाची ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत.