रंगकामानंतर सेल्फ जड, हेडलाइट मंद: जुन्या पिकअपची अर्थिंग

पहिलीच जुनी डिझेल पिकअप. घेताना रंगाकडे न बघता चासीचा गंज टोकरून बघितला, तेवढं शहाणपण केलं. घोळ मी स्वतःच घातला, रंगवल्यावर.

लक्षणं: सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रखडत फिरतो, हेडलाइट पिवळट, इंडिकेटर लावला की टेललाइटही त्याच्याबरोबर लुकलुकते.

नवी बॅटरी, सेल्फचे कार्बन, डायनॅमोची तपासणी, सगळं फुकट. तीन रविवार गेले.

कारण साधं होतं. या गाड्यांत करंट बॅटरीकडे परत जातो तो बॉडी-चासीतून, हीच अर्थिंग, आणि मी बोल्टच्या जागांवरही झकास रंग मारला होता, म्हणजे धातूला धातू टेकेना.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून ते बंद करायची स्टॉपची दोरी ओढून धरून सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. माझ्याकडे १.४ व्होल्ट आले, ०.५ च्या आत हवेत; जास्त म्हणजे परतीच्या वाटेत अडथळा.

मग आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बॅटरी ते चासी, इंजिन ते चासी, केबिन ते चासी या तिन्ही जागा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या. जाड वेणीची नवी पट्टी, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट. व्हॅसलीन त्यानंतर वरून, आधी नाही. हौद्याचे आणि टेललाइटचे बोल्टही तसेच. निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडली.

पुन्हा मोजलं: ०.२. जुनी बॅटरी परत बसवली, तीच चालतेय.