विभागीय साहित्य संस्थेचे सभासद होऊन संमेलनात सहभागी कसे व्हावे

साहित्य संमेलन म्हणजे दोन-तीन दिवस मांडवात बसून भाषणे ऐकायची आणि ग्रंथप्रदर्शनातून चार पुस्तके घेऊन परतायचे, असा पुष्कळांचा समज असतो. तसे जाण्यातही आनंद आहेच. परंतु जो लिहितो किंवा लिहू पाहतो, त्याने संमेलनाला संस्थेच्या दारातून जावे, असे मी आग्रहाने सांगेन. वर्षभर शाखेत वावरलेल्या माणसाला मांडवात ओळखीचे चेहरे भेटतात आणि व्यासपीठावर काय चालले आहे, ते का चालले आहे, हेही कळते.

प्रथम आपल्या भागाची संस्था कोणती, हे पाहावे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 सालची, विदर्भ साहित्य संघ 1923 चा आणि मुंबई मराठी साहित्य संघ 1935 चा. या तिन्ही संस्था आणि मराठवाडा साहित्य परिषद मिळून 1961 साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ उभे राहिले. अखिल भारतीय संमेलन हेच महामंडळ भरवते. कोकणासाठी कोकण मराठी साहित्य परिषद स्वतंत्रपणे काम करते. मुख्य कार्यालय दूर असले तरी बिचकू नये, कारण अनेक तालुक्यांच्या गावी शाखा असतात आणि नव्या माणसासाठी खरी संस्था म्हणजे ती शाखाच.

सभासदत्वाचा अर्ज शाखेच्या कार्यवाहांकडे किंवा मुख्य कार्यालयात मिळतो. पुस्तक प्रकाशित झालेले नसले तरी संकोच करू नये. या संस्थांना वाचकही हवे असतात. अर्ज भरण्यापूर्वी संस्थेची घटना मागून घ्यावी आणि मतदानाचा हक्क कोणाला व केव्हा मिळतो, कार्यकारिणीची मुदत किती, या दोन गोष्टी तरी वाचाव्यात. शुल्क भरल्यावर पावती घ्यावी, आणि घर बदलले की नवा पत्ता लेखी कळवावा. नाहीतर संस्थेचे नियतकालिक आणि सभेची सूचना जुन्याच पत्त्यावर जात राहते आणि आपण मात्र संस्था काहीच कळवत नाही, असे म्हणत बसतो.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाखेच्या कार्यक्रमांना नियमाने जावे आणि कामाला हात लावावा. सतरंजी घालणे, वक्त्यांना स्थानकावरून आणणे, कार्यक्रमाचे वृत्त लिहून वर्तमानपत्राकडे पाठवणे ही कामे दोनचार जणांवरच पडलेली असतात. त्यांना नवा हात हवाच असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेला अहवाल आणि हिशेब आधी वाचून जावे. शाखेत कोण येत नाही, याकडेही लक्ष ठेवावे. 1878 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले, आणि 1885 च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नांना तिथे जागा नाही, हा त्या पत्राचा रोख होता. आपल्या गावात लिहिणारी पण शाखेत न दिसणारी माणसे शोधून त्यांना सोबत आणणे, हे आजही सभासदाचे काम आहे.

संमेलनाची घोषणा झाली की प्रतिनिधी नोंदणी लवकर करावी, कारण निवास आणि भोजनाची व्यवस्था नोंदणीच्या आकड्यावर ठरते. निमंत्रितांच्या कविसंमेलनात नव्या कवीला सहसा जागा मिळत नाही. त्याचे स्थान कविकट्ट्यावर, म्हणजे नव्या कवींच्या काव्यवाचनासाठी ठेवलेल्या मंचावर. त्यासाठी कविता आधी मागवल्या जात असतील, तर मुदतीच्या आत आणि मागितल्या असतील तितक्याच पाठवाव्यात. कविता मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. माझ्या पहिल्या कविकट्ट्याच्या वेळी माझ्या आधीच्या कवींनी एकीच्या जागी तीन कविता वाचल्या, आणि रांगेच्या शेवटी हातात घडी घातलेला कागद धरून उभ्या असलेल्या एका मुलीचे नाव पुकारले जाण्याआधीच सत्र संपले. तिने तो कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला, ते मला अजून दिसते. दिलेली वेळ पाळणे म्हणजे पुढच्याचा आवाज राखणे होय. आपले वाचन झाल्यावर लगेच उठूनही जाऊ नये.

परिसंवाद निवडताना अध्यक्षांच्या नावापेक्षा विषय पाहावा, आणि प्रश्न विचारायचा असेल तर तो दोन वाक्यांत लिहून ठेवावा. ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकांना गर्दीच्या वेळी गाठू नये. सकाळी दालने उघडतात तेव्हा ते निवांत बोलतात. त्यांची पुस्तके आधी चाळावीत, आपले लेखन त्यांच्या यादीत बसते का हे पाहावे आणि हस्तलिखित त्यांच्या हातात न ठेवता ते कसे पाठवावे, एवढेच विचारावे. समारोपाचे ठराव ऐकल्याशिवाय मात्र निघू नये. मराठी शाळा, ग्रंथालये, सीमाभाग यांविषयीची संमेलनाची भूमिका त्यांत नोंदली जाते, आणि एखादा विषय आपल्याला तळमळीचा वाटत असेल तर तो शाखेमार्फत पुढील वर्षी लेखी पाठवता येतो का, हे कार्यवाहांना विचारून ठेवावे.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत भेटलेल्यांना पत्र किंवा संदेश पाठवावा, आणि टिपणांवरून शाखेच्या पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटे संमेलनाविषयी बोलावे. ज्यांना जाता आले नाही, ते त्याची वाट पाहत असतात.